ओला पंचा आणि कांदा

एकदा एका शाळेला नवे संगणक मिळाले. त्यांना हळद-कुंकू लागले, नारळ फुटला आणि धूळ बसू नये म्हणून खोलीला लगेच कुलूप लागले. किल्ली संस्थेच्या अध्यक्षांच्या कनवटीला गेली. ते गावातले मोठे कापड व्यापारी.

नववीतल्या शर्वाणीने मागणी लावून धरली : आठवड्यातून एक तास संगणकाचा, आणि मोबाईलवरचे खरे-खोटे ओळखण्याचा.

अध्यक्ष हसले. "त्याला तास कशाला? आमचे केस काय उन्हाने पांढरे झालेत? त्या तासाला सुलेखन घ्या. उद्याच ठराव करतो."

"सर, अक्षर सुंदर काढून आम्ही खोटंच लिहायचं का?" शर्वाणी तडकली. वृद्ध मुख्याध्यापक, सगळ्यांचे गुरुजी, शेजारीच होते, पण ते अवाक्षर बोलले नाहीत. तिला त्यांचाही राग आला.

त्या सायंकाळी गुरुजींनी एक विचित्र कृत्य केले. त्यांनी अध्यक्षांना, केवळ त्यांनाच, संदेश पाठवला : 'उद्या सूर्यकिरणांत विषारी लहरी. डोक्यावर ओला पंचा व पंचात कांदा ठेवावा.' रात्री तोच संदेश गुरुजींना त्यांच्या व्याह्यांकडून परत आला. वाटेत त्याला अमेरिकेतले शास्त्रज्ञ चिकटले होते.

सकाळी परिपाठाला सारे मैदान कांद्याने दरवळत होते. अध्यक्ष, झाडून सगळे शिक्षक आणि मुले ओले पंचे गुंडाळून उभे. गुरुजी आणि शर्वाणी मात्र उघड्या डोक्याने.

"मेसेज वाचला नाहीस?" अध्यक्ष गरजले.

"वाचला. कोणता शास्त्रज्ञ ते शोधलं, हवामान खात्याचं पान पाहिलं. कुठेच काही नाही. मग आईने कांदा पोह्यात घातला."

"तो संदेश मी रचला होता," गुरुजी शांतपणे म्हणाले.

"अहो, तुमचं नाव पाहून तर मी विश्वास ठेवला!"

"आणि बाकीच्यांनी तुमचं पाहून. मोठ्यांना 'कशावरून?' असं विचारू नये, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं. आता प्रत्येकाच्या खिशात असा एक मोठा माणूस बसलाय आणि तो दिवसभर बोलतो. यंत्र चालवायला बोट पुरतं. त्याला उलट प्रश्न करायला सवय लागते. ती कोवळ्या वयात लावावी, नाहीतर म्हातारपणी डोक्यावर कांदा येतो."

शिक्षक भारावून माना डोलावू लागले. पंचांतले कांदे टपाटप खाली पडले.

"छान बोललात, गुरुजी," शर्वाणी म्हणाली, "पण खोटं तुम्हीच पसरवलंत. बालवाडीतली पोरं घाबरून घरी बसलीत. आधी दुरुस्ती पाठवा."

गुरुजी ओशाळले. त्यांनी तिथेच दुरुस्ती पाठवली. ती मात्र कोणी पुढे पाठवली नाही. शेवटी शर्वाणीच बालवाडीच्या पोरांच्या घरोघरी जाऊन सांगून आली.

अध्यक्षांनी मुकाट्याने किल्ली काढून दिली. पहिल्या तासाला ते स्वतः मागच्या बाकावर येऊन बसले. शर्वाणीने फळ्यावर सुविचार लिहिला : 'विचारल्याशिवाय मानू नये.'

अध्यक्षांनी हळूच हात वर केला. "हे कोणी म्हटलंय?"

"बघा सर," ती हसली, "यायला लागलं तुम्हाला."