कापून पाहिलेली केबल

एकदा एका उघड्या माळावर, जिथली धावपट्टी विमाने आणि मेंढरे पाळीपाळीने वापरत असत, एक जुने चार आसनांचे विमान उभे होते. ते एका बाईंच्या मालकीचे होते. विमानाची मालकीण म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांसमोर जे काही उभे राहते, त्यातले या बाईंकडे काहीही नव्हते. उज्ज्वलाबाई मगदूम यांच्या नखांत कायम ग्रीस असे आणि साडीऐवजी अंगात कारखान्यातला निळा डगला असे. घरची फौंड्री होती. लोखंडाचा रस करून साच्यात ओतायचा हा धंदा वडिलांनी उभारला आणि आता त्या तो चालवत होत्या. हे विमान कुणाच्या तरी शेडमध्ये धूळ खात पडले होते. त्यांनी ते घेतले, रीतसर उडवायला शिकल्या, परवाना मिळवला, आणि एवढ्यावर भागेना म्हणून त्याची दुरुस्तीही शिकायला घेतली.

शिकवायला खासनीस सर होते. हवाई दलातून निवृत्त झालेले, विमानाच्या दुरुस्तीचा परवाना असलेले, आणि स्तुतीच्या बाबतीत अत्यंत चिक्कू. विमानाच्या कामाला एक शिस्त असते. हात कुणाचेही लागोत, परवानाधारकाने काम तपासून सही केल्याखेरीज ते विमान जमीन सोडू शकत नाही. सरांची सही मिळणे म्हणजे काय, हे त्या पंचक्रोशीतल्या वैमानिकांना विचारावे. पुष्कळांनी तिच्यासाठी एकच काम तीनतीनदा केलेले होते.

विमानाचे दुखणे साधे होते. बॅटरी शेपटाकडे, इंजिन नाकाकडे, आणि दोहोंना जोडणाऱ्या जाड केबली फरशीखालून जात होत्या. त्या जुन्या अॅल्युमिनियमच्या केबली आतून गंजल्या होत्या. बटण दाबले की इंजिन दमेकऱ्यासारखे दोन धापा टाके आणि थांबे.

"केबली बदल," सर म्हणाले. "तांब्याच्या घाल. तूच कर सगळं. सही करण्यासारखं झालं तर सही करीन."

आता, या गोष्टीत उज्ज्वलाबाईंचा जीव कशात अडकला होता ते सांगितले पाहिजे. त्यांच्या वडिलांना सारे गाव आबा म्हणत असे. आबा आजवर लेकीच्या विमानात एकदाही बसले नव्हते. विमानाला त्यांनी हात लावून पाहिला होता, पंखांवरून टिचक्या मारल्या होत्या, येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवले होते. बसा म्हटले की मात्र त्यांचे उत्तर ठरलेले होते.

"तू वाईट चालवतीस असं माझं म्हणणं न्हाई. पण ज्याच्या आतलं मला दिसत न्हाई, त्यावर मी बसत न्हाई."

जन्मभर ओतकाम केलेल्या माणसाचे हे बोलणे होते. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या लोखंडाच्या पोटात पोकळी कशी लपून बसते, हे त्यांनी पाहिले होते. लेकीला मात्र ते लागत असे. आपण ज्यांच्याकडून काम शिकलो, त्यांनीच आपल्या कामावर बसू नये, हे दुःख तुम्हांआम्हांलाही समजण्यासारखे आहे. त्यांची एकच इच्छा होती. आबांना वर न्यावे आणि त्यांनी उभारलेली फौंड्री त्यांना आभाळातून दाखवावी. पुष्कळ विनवण्या झाल्या, तेव्हा कुठे आबा म्हणाले होते, "केबली नव्या पडू देत. रविवारी सकाळी बघू." आबांच्या 'बघू'चा अर्थ घरात बहुतेक वेळा 'नको' असा असे. लेकीने तो या वेळी 'हो' असा घेतला.

शनिवारी सकाळपासून काम चालले होते. आबाही आले होते आणि शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. उज्ज्वलाबाईंनी आधी बॅटरीचे ऋण टोक सोडवले, कारण सुरुवात तिथूनच करायची असते. मग त्या फरशी उघडून पालथ्या पडल्या आणि जुन्या केबली ओढून काढल्या. एकेक नवी केबल मापाने तोडली. तिच्या टोकांवरचे आवरण सोलले, उघड्या तारांवर तांब्याची टोपी चढवली. या टोपीला कारागीर 'लग' म्हणतात. क्रिम्पिंगच्या मोठ्या पकडीने ती तारांवर आवळून दाबली आणि वरून आकसणारी रबरी नळी गरम करून बसवली. जिथे केबल पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी कडी घातली. दर वीतभर अंतरावर तिला पट्टीने बांधले. सर हात मागे बांधून पाहत होते.

दुपारी बाईंनी बटण दाबले. इंजिनाने धाप टाकली नाही. एका दमात पंखा फिरला, आणि शेडच्या मागे चरणारी मेंढरे उधळली. आबांनी खुर्चीतल्या खुर्चीत टाळी वाजवली.

"बंद कर," सर म्हणाले. "आणि ती लांब केबल काढून आण."

बाईंना वाटले, एखादी पट्टी सैल राहिली असेल. त्यांनी निमूटपणे केबल काढून आणली. सरांनी तिचे टोक बाकावरच्या वाइसच्या लोखंडी जबड्यात घट्ट पकडले, करवत घेतली आणि तो नवाकोरा लग मधोमध कापायला सुरुवात केली.

"अहो सर! काय करताय काय!"

तोवर टोक खाली पडले होते. सरांनी ते उचलले, कापलेली बाजू कानशीने घासून साफ केली आणि भिंग लावून उजेडात पाहिले. मग भिंग बाईंच्या हाती दिले. आत एकही तार सुटी दिसत नव्हती. शेकडो बारीक तारा आणि वरची टोपी मिळून तांब्याची एकसंध वडी झाली होती.

"उत्तम," सर म्हणाले. "यात खोट काढण्यासारखं काही नाही. आता दुसरी कर."

उज्ज्वलाबाईंचा चेहरा लाल झाला. शिष्याने गुरूपुढे चढ्या आवाजात बोलू नये असे शिष्टाचार सांगतो. शिष्टाचार सांगणाऱ्यांची नवी केबल कुणी कापलेली नसते.

"उत्तम होती तर कापली कशाला? वाईट दिसली असती आणि कापली असती, तर मी एक शब्द बोलले नसते. आता हिचं टोक गेलं, ही आखूड पडणार. गुंडाळीत एकाच केबलीपुरता तुकडा उरलाय. आणि उद्या सकाळी आबा बसणार आहेत!"

"अगं, आपण बी मोडतोच की उजू," आबा दारातून म्हणाले. "दर ओतणीची एक पट्टी मोडून बघितल्याबिगर माल कधी गेटाबाहेर सोडलाय का आपण?"

"आबा, ती पट्टी मोडण्यासाठीच ओतलेली असते. ही विमानासाठी केली होती."

सर हसले नाहीत. कापलेले टोक तळहातावर ठेवून ते शांतपणे बोलू लागले.

"आबांचा दाखला योग्य आहे, आणि फरकही त्यातच आहे. फौंड्रीत पट्टीत आणि मालात एकाच भट्टीचा रस पडतो. म्हणून पट्टी मोडली की मालाची परीक्षा होते. इथे दोन केबलींत सामाईक असा रस कोणता? फक्त करणाऱ्याचा हात. ही केबल मी कापली, म्हणून ती चांगली होती हे मला कळलं. आणि कापली म्हणूनच ती आता विमानात जाणार नाही. जी जाईल, ती कुणीच कापून पाहणार नाही. मी नाही, आबा नाहीत, सरकारी तपासनीसही नाही. वरून सगळ्याच केबली सारख्या दिसतात. तिच्या आत काय आहे, ते जगात एकाच माणसाला ठाऊक असेल. लोकांना वाटतं मी केबलीवर सही करतो. मी सही त्या माणसावर करतो."

एवढे बोलून त्यांनी दुसरी खुर्ची उचलली, आबांना बाहेर कडुलिंबाखाली नेले आणि शेडकडे पाठ करून बसले. चहा आला. आत काय चालले आहे हे सरांनी एकदाही वळून पाहिले नाही.

उज्ज्वलाबाई रागातच कामाला लागल्या. रागाने हाताचा वेग वाढतो हे आपण सगळेच जाणतो. स्वयंपाकघरात तर रोज ऐकू येते. आवरण सोलताना पाते जरा खोल गेले. त्यांनी आवरण ओढून काढले आणि पाहिले, तर कडेच्या बऱ्याचशा तारा अर्ध्याअधिक कापल्या गेल्या होत्या.

त्या तशाच थांबल्या. आता त्या क्षणी त्यांच्या मनात काय आले असेल, हे सांगायला मनकवडा लागत नाही. लग चढवला की तारा झाकल्या जाणार. वरून नळी आकसली की लगसुद्धा झाकला जाणार. बटण दाबले की पंखा फिरणार, कारण उरलेल्या तारा आजच्यापुरत्या पुरेशा होत्या. कदाचित पुढची कित्येक वर्षे पुरल्या असत्या. बाहेर सर पाठ करून बसले होते. आणि आबा आले होते, जे परत कधी 'बघू' म्हणतील याची खात्री नव्हती.

त्यांनी केबल वाइसमध्ये धरली आणि ते टोक आपल्या हाताने कापून टाकले.

राग तिथेच उतरला. नवे टोक त्यांनी सावकाश सोलले, एकाही तारेला ओरखडा न येऊ देता. लग दाबला, नळी बसवली आणि केबल फरशीखाली घालून पाहिली. ती दोन बोटे कमी पडत होती. पट्ट्या सोडून, पत्र्याच्या धारेवरून सरळ ताणली असती तर पोचली असती. पण ताणलेली केबल धारेवर घासत राहते आणि एक दिवस आवरण फाटते, हे त्यांना माहीत होते. त्यांनी ती बाहेर काढली, नीट गुंडाळली आणि कडुलिंबाखाली आल्या.

"आबा, उद्या न्हाई जमायचं," त्या म्हणाल्या. "रागाच्या भरात पातं खोल गेलं, तारा कापल्या. ते टोक छाटलं, तर केबल आखूड पडली. नवी मागवावी लागंल. चूक माझी हाय."

सरांनी हात पुढे केला.

"छाटलेलं टोक?"

बाईंनी खिशातून काढून दिले. सरांनी ते बोटांत फिरवून बराच वेळ पाहिले.

"यावर लग दाबला असतास तर मला कळलं नसतं."

"ठाऊक हाय, सर."

सर उठून उभे राहिले. मग ते आबांकडे वळले, आणि स्तुतीच्या बाबतीत चिक्कू असलेला तो माणूस बोलू लागला.

"मगदूमसाहेब, आजवर मी खूप सह्या केल्या. पुस्तकाप्रमाणे सगळं तपासून केल्या. तरी विमान वर गेलं की ते उतरेपर्यंत मी धावपट्टीवरून हलत नसे, कारण झाकलेल्या जागी काय आहे ते मला ठाऊक नसे. तुमच्या मुलीच्या कामावर सही केली की मी घरी जाऊन जेवीन. मला तुमच्या मुलीचा अभिमान वाटतो. हे मी याआधी कुणाबद्दल म्हटल्याचं आठवत नाही."

उज्ज्वलाबाईंनी मान खाली घातली. ग्रीसचे हात डगल्याला पुसण्याचे निमित्त त्यांना पुरले नाही. डोळे पुसायला त्यांनी बाही वापरली.

आबांनी चहाचा कप खाली ठेवला. गुडघ्यावर हात दाबून उठले आणि शेडकडे चालू लागले. विमानापाशी जाऊन त्यांनी विचारले, "चढायचं कुठनं?" लेक धावत गेली. पंखावर पाय ठेवून, दाराची कड धरून, कण्हत कण्हत आबा आत शिरले. त्यांनी आसनावर बूड टेकले, धोतराचा सोगा नीट घेतला आणि पट्टा शोधू लागले.

"आबा, ते आज उडणार न्हाई हो," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "त्यात केबलच न्हाई. सुरूसुद्धा होणार न्हाई."

"मला सांगतीस व्हय?" आबा म्हणाले. "केबल येऊ दे आठवड्यानं न्हाईतर महिन्यानं. उडंल तवा उडंल. मी बसलोय."

आणि ते बसून राहिले. समोरच्या काचेतून माळ दिसत होता, मेंढरे परत धावपट्टीवर आली होती, आणि लेक त्यांच्या खांद्यावरचा पट्टा ओढून नीट बसवत होती.

ज्या जागी आपल्याशिवाय कुणाचीही नजर पोचत नाही, तिथे आपण जसे काम करतो, त्यावरच आपली माणसे निर्धास्त बसत असतात.