तळेवणीच्या फ्रीजचा आकडा

एका डोंगराळ तालुक्याच्या गावी केतकी मुळीक राहत होती. ती संगणकाचे प्रोग्राम लिहायची. तिचा हात वेगवान होता आणि डोकं त्याहून वेगवान. इतरांना आठवडा लागे ते काम ती दोन दिवसांत उरकायची. उरकलेल्या कामाकडे मात्र पुन्हा वळून पाहायची नाही.

तालुक्याच्या आरोग्य कार्यालयाने तिच्यावर एक काम सोपवलं. तालुक्यात अकरा आरोग्य केंद्रं होती आणि प्रत्येक केंद्रात बाळांच्या लसींचा एक फ्रीज होता. लस तापली की निकामी होते. काही लसी गोठल्या तरी निकामी होतात. म्हणून फ्रीज दोन ते आठ अंशांच्या मध्येच ठेवावा लागतो. परिचारिका दिवसातून दोनदा फ्रीजचं तापमान पाहून वहीत लिहायच्या.

केतकीने प्रत्येक फ्रीजमध्ये बॅटरीवर चालणारं एक छोटं यंत्र बसवलं. ते दर दहा मिनिटांनी तापमान कळवायचं. तिच्या प्रोग्रामचा एक भाग ते आकडे ‘नोंदी’ नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक केंद्राच्या फाइलमध्ये लिहायचा. दुसरा भाग त्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइली वाचून शेवटचा आकडा कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर दाखवायचा. तापमान बिघडलं तर त्या केंद्रात भोंगा वाजायचा. अकरा केंद्रं, अकरा आकडे, अकरा हिरवे ठिपके. सगळ्यांना ते इतकं आवडलं की महिन्याभरात वह्या बंद झाल्या.

मग कार्यालयाचा जुना संगणक बंद पडला. त्याच दिवशी नवा आला. जुना विंडोज या प्रणालीवर चालायचा, नवा लिनक्स या दुसऱ्या प्रणालीवर. संगणक सांभाळायचं काम अन्वर तांबोळी यांच्याकडे होतं. ते पन्नाशीचे, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. प्रोग्राम आणि ‘नोंदी’ फोल्डर नव्या संगणकावर उतरवून त्यांनी केतकीला फोन केला.

“ताई, तुम्ही फाइलचा पत्ता हाताने लिहिलाय. फोल्डर, मग तिरकी रेघ, मग फाइल. ती रेघ विंडोजची आहे. लिनक्सची रेघ दुसऱ्या बाजूला कलते.”

“प्रोग्राम सुरू झाला का, अन्वरभाई?”

“झाला.”

“काही चूक दाखवतोय?”

“नाही. पण तुमच्या प्रोग्रामच्या भाषेतच पत्ता जोडून द्यायची सोय आहे ना? फोल्डरचं नाव द्यायचं, फाइलचं नाव द्यायचं, मधली रेघ ज्या त्या संगणकाप्रमाणे ती आपणच घालते. तेवढं बदलून द्या. आणि मला चार दिवस तपासू द्या.”

“चालतोय ना? मग चालू द्या,” केतकी म्हणाली. “माझ्याकडे वर्षभर बिनतक्रार चाललाय तो.”

अन्वरभाईंनी आणखी वाद घातला नाही. प्रोग्राम सुरू राहिला. पडद्यावर अकरा हिरवे ठिपके होते.

सहा दिवस गेले. बुधवारी तालुकाभर लसीकरण होतं. मंगळवारी दुपारी चार वाजता जिल्ह्याचे अधिकारी केतकीचा पडदा पाहायला येणार होते. त्यांना तो पसंत पडला तर जिल्ह्यातल्या सगळ्या तालुक्यांत तिचा प्रोग्राम लागणार होता. तालुका आरोग्य अधिकारी डॉ. पद्मनाभ खरात सकाळपासून खुशीत होते. केतकी इस्त्रीची साडी नेसून बाराच्या सुमारास कार्यालयात आली.

तिथे तळेवणी केंद्राच्या शेवंता भोईटे सिस्टर उद्यासाठी सुया न्यायला आल्या होत्या. केतकीला पाहून त्या हसल्या.

“ताई, तुमचं यंत्र भारी आहे बघा! काल आमच्याकडे सकाळपासून दुपारपर्यंत लाईट नव्हती. माझा तर जीव खालीवर. इथे फोन करून विचारलं, तर म्हणे पडद्यावर चार पूर्णांक सहा. फ्रीजचा आकडा जागचा हलला नाही.”

केतकीही हसली. मग तिने पडद्याकडे पाहिलं. तळेवणीसमोर आताही चार पूर्णांक सहाच होतं. वीज पाच-सहा तास नसताना आकडा तसूभरही हलला नाही? आणि वीज आल्यावरही नाही?

ती शेजारच्या खोलीत जाऊन संगणकासमोर बसली. ‘नोंदी’ फोल्डर उघडलं. आत अकरा फाइली होत्या, पण प्रत्येकीतली शेवटची नोंद सहा दिवसांपूर्वीची, जुना संगणक बंद पडला त्या दिवसाची होती. मग तिला फोल्डरच्या बाहेर आणखी अकरा फाइली दिसल्या. त्यांची नावं विचित्र होती. एकीचं नाव होतं ‘नोंदी\तळेवणी’. त्या एकाच नावात फोल्डर, तिरकी रेघ आणि केंद्र, सगळं चिकटलेलं होतं.

काय झालं ते तिला क्षणात कळलं. विंडोजची ती रेघ लिनक्सला वाट दाखवणारी खूण वाटलीच नव्हती. त्याला ती नावातलंच एक अक्षर वाटली. त्याने मुकाट्याने त्या नावाच्या फाइली बाहेरच तयार केल्या आणि सहा दिवस खरे आकडे त्यांत लिहिले. पडदा मात्र फोल्डरच्या आतले शिळे आकडे दाखवत राहिला. भोंगाही तेच आकडे पाहून गप्प बसला. चूक कुठेच दिसली नाही, कारण दोन्ही भाग आपापल्या जागी बरोबर होते.

तिने तळेवणीची बाहेरची फाइल उघडली. काल सकाळी तापमान चढत चढत सातपर्यंत गेलं होतं. तेवढं चाललं असतं. पण वीज आल्यावर ते घसरत गेलं. दोन, शून्य, मग उणे तीन. चार तास उणे तीन. रात्रीपासून पुन्हा चार. बाकीच्या दहा केंद्रांचे आकडे तिने भराभर पाहिले. ते सगळे ठीक होते.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. बदल दोन ओळींचा होता. तो केला असता तर पाच मिनिटांत पडद्यावर खरे आकडे आले असते. तळेवणीचा आजचा आकडा चार, म्हणजे हिरवाच. साहेब आले असते, पाहून खूश होऊन गेले असते. कालचे उणे तीन कुणाला दिसलेच नसते. ‘सगळ्या लसी थोड्याच बिघडल्या असतील,’ असंही तिच्या मनात येऊन गेलं.

मग तिला तळेवणीची ओसरी आठवली. यंत्र बसवायला गेली होती तेव्हा तिथे लसीसाठी आलेल्या आया बसल्या होत्या. एकीने तिला विचारलं होतं, “सुई टोचल्यावर माझ्या पोरीला घटसर्प होणार नाही ना?” आणि केतकीनेच सांगितलं होतं, “नाही होणार.”

ती उठली आणि थेट डॉ. खरातांच्या खोलीत गेली. अन्वरभाई आणि शेवंता सिस्टर तिथेच होते.

“सर, सहा दिवस पडदा खोटे आकडे दाखवतोय,” ती म्हणाली. “चूक माझी आहे. अन्वरभाईंनी आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. खरे आकडे सापडलेत. तळेवणीचा फ्रीज काल चार तास उणे तीनवर होता.”

डॉक्टरांचा चेहरा उतरला. “चार वाजता साहेब येताहेत, माहीत आहे ना?”

“माहीत आहे. पण उद्या सकाळी तळेवणीत बाळं येताहेत.”

शेवंता सिस्टर खुर्चीतून उठल्या. त्यांचे डोळे भरून आले. “सर, लाईट आल्यावर लवकर गार व्हावं म्हणून मीच फ्रीजचा थंडी वाढवायचा खटका शेवटापर्यंत फिरवला. संध्याकाळी मागे घ्यायचा राहिला, रात्री आठवण झाल्यावर घेतला. पडद्यावर सगळं ठीक म्हणाले, म्हणून मी...”

“सिस्टर, तापमान दोनच्या खाली गेल्याबरोबर भोंगा वाजायला हवा होता,” केतकी म्हणाली. “तो वाजला असता तर तुम्ही धावत जाऊन खटका मागे घेतला असता. तो माझ्यामुळे वाजला नाही.”

डॉक्टरांनी तळेवणीला गाडी पाठवून लसीच्या काही कुप्या मागवल्या. कुपीवरचा रंग बदलणारा चौकोन ठीक दिसत होता. “हा चौकोन उष्णतेचं सांगतो,” सिस्टर म्हणाल्या, “गोठल्याचं नाही सांगत.” त्यांनी तळेवणीची एक आणि तालुक्याच्या साठ्यातली एक अशा दोन कुप्या सारख्याच हलवून टेबलावर ठेवल्या. अर्ध्या तासाने साठ्यातली कुपी अजून दुधाळ होती. तळेवणीच्या कुपीत वर पाणी दिसू लागलं होतं आणि तळाशी कण बसले होते.

“ही गोठली होती,” सिस्टर म्हणाल्या. डॉक्टरांनी फोन उचलला आणि तळेवणीचं लसीकरण चार दिवस पुढे ढकललं. गोठून निकामी होणाऱ्या लसींच्या तिथल्या सगळ्या कुप्या बाद झाल्या.

चार वाजता साहेब आले. केतकीने पडदा दाखवण्याआधी झालेली चूक सांगितली. बाहेरच्या त्या विचित्र नावाच्या फाइलीही उघडून दाखवल्या. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “मग आता काय करणार?”

“पत्ता हाताने लिहिणार नाही, भाषेकडून जोडून घेईन,” ती म्हणाली. “आकड्याशेजारी वेळ दाखवीन. अर्धा तास नवी नोंद आली नाही तर ठिपका लाल होईल आणि भोंगा वाजेल. दोन्ही तऱ्हेच्या संगणकांवर अन्वरभाई तपासतील. ते हो म्हणेपर्यंत मी प्रोग्राम कुणाला देणार नाही. आणि सिस्टर लोकांच्या वह्या पुन्हा सुरू करा.”

“पसंतीचं नंतर बघू,” साहेब म्हणाले आणि निघून गेले.

केतकीने तीन आठवडे ते काम केलं. यापूर्वी तिने कुठल्याच कामाला एवढा वेळ दिला नव्हता. अन्वरभाई रोज नवी खोड काढायचे. कधी फोल्डरच्या नावात मोकळी जागा सोडायचे, कधी सगळा प्रोग्राम उचलून भलत्याच ठिकाणी ठेवायचे, कधी विंडोजवरच्या फाइली लिनक्सवर आणि लिनक्सवरच्या विंडोजवर न्यायचे. पहिल्या आठवड्यात प्रोग्राम पाच वेळा अडखळला, दुसऱ्यात दोनदा. तिसऱ्यात एकदाही नाही. तेव्हा अन्वरभाई म्हणाले, “ताई, आता हा कुठेही न्या.”

पावणेदोन महिन्यांनी साहेबांचा फोन आला. प्रोग्राम पसंत पडला होता. जिल्ह्यातल्या नऊ तालुक्यांत नऊ तऱ्हेचे संगणक होते. काही नवे, काही फार जुने. प्रोग्राम सगळीकडे लागला आणि सगळीकडे चालला.

तळेवणीचं लसीकरण मात्र त्याआधीच, ठरल्याप्रमाणे चार दिवसांनी, झालं होतं. नव्या लसी आल्या होत्या. केतकी त्या दिवशी मुद्दाम तिथे गेली. ओसरीवर एकेचाळीस बाळं होती आणि सुई लागली की एकापाठोपाठ एक भोकाड पसरत होती. त्या गोंगाटात एका आईने शेवंता सिस्टरना विचारलं, “चार दिवस का थांबवलं हो?”

सिस्टर काही बोलण्याआधीच केतकी म्हणाली, “माझ्याकडून चूक झाली होती, बाई. लस बिघडली होती. आताची चांगली आहे.”

त्या आईने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं, मांडीवरचं बाळ सावरलं आणि त्याची बाही वर सरकवली. “टोचा,” ती म्हणाली.

तात्पर्य: आपल्या घरची रीत सगळ्या जगाची समजू नये. आपलं काम परक्या जागी तपासून पाहावं, आणि चूक सापडली की ती झाकण्याआधी ज्यांना तिची झळ लागणार त्यांना सांगावी.