दोराला पाठ असलेलं गाणं

समुद्र माणसांची गाणी ऐकायचा, तेव्हाची गोष्ट. एका बंदरात काथ्याचा जाड दोर होता. गोमा तांडेल गाणं म्हणायचा आणि बाकीचे त्याच्या ठेक्यावर दोर ओढून होडी वाळूवर घ्यायचे. पुढे होडी ओढायचं यंत्र आलं. गाणं थांबलं, गोमाही वारला आणि दोर खुंटीवर लटकला.

एकदा भर वादळात यंत्र बंद पडलं. माणसांनी दोर काढला. "ओढा रे, ओढा," जो तो ओरडत होता, पण प्रत्येकाचा हिसका वेगळा पडत होता. होडी मागे घसरू लागली.

"तुला येतं ना ते गाणं? मग सांग त्यांना," यंत्र म्हणालं.

"अख्खं येतं," दोर कण्हत म्हणाला. "पण मला गळा नाही रे."

तो तुटला. होडी समुद्राने नेली.

"दोरच कुजका निघाला," माणसं म्हणाली आणि नवा दोर आणायला गेली.