पुरलेली कुऱ्हाड

“मग कुऱ्हाड पुरली, की भांडण मिटतं?” शिवगिरी बाबांनी विचारलं.

“मिटलं असं समजतात,” प्राध्यापक सदानंद मुळीक म्हणाले. “समेट करण्याला इंग्रजीत ‘बरी द हॅचेट’ म्हणतात, म्हणजे कुऱ्हाड पुरणं. हा वाक्प्रचार अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या चालीवरून आला. त्यांच्या काही जमाती तह करताना शस्त्रं खरोखरच जमिनीत पुरायच्या.”

इंग्रजी वाक्प्रचारांची मुळं शोधण्यात सदानंदांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. एक विचारलं की चार सांगायचे. मठात मात्र ते अनुग्रह मागायला आले होते, आणि बाबा वाक्प्रचारच विचारत बसले होते.

“अर्थ कळला तुला?”

“बाबा, मी त्यावर पुस्तक लिहिलंय!”

बाबांनी धुनीतलं लाकूड पुढं सारलं.

मठाची रीत साधी होती. धुनीपाशी बसायचं तर आधी आपल्या वाटणीचं एक लाकूड फोडून द्यायचं. आजारी माणसाचं त्याच्या घरच्यानं फोडायचं. सदानंदांनी आल्या आल्या आपलं फोडून टाकलं होतं. दुसरा ओंडका अंगणात तसाच पडला होता.

तो त्यांच्या धाकट्या भावाच्या वाटणीचा होता. बाळू बाहेर पायरीवर बसला होता, छातीवर हात धरून. उद्या मिरजेला त्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. जाण्याआधी धुनीपाशी घटकाभर बसावं, अंगारा लावून घ्यावा, एवढंच त्याच्या मनात होतं. मिरजेची शेवटची एसटी यायची वेळ होत आली होती.

आई गेली तेव्हा सदानंद परदेशात व्याख्यानं देत होते. बाळूनं त्यांची वाट न पाहता अग्नी दिला. तेव्हापासून दोघांत अबोला होता.

“त्याचं लाकूड पडलंय अजून,” बाबा म्हणाले.

“माझ्यासाठी थांबला होता तो?” सदानंदांचा आवाज चढला. “आईचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही मला. त्याच्यासाठी मी घाम गाळू?”



“दादा, राहू दे,” पायरीवरून बाळू म्हणाला. “मी जातो तसाच.”

तो उठायला गेला आणि कठड्याला धरून पुन्हा खाली बसला. त्याला धाप लागली होती.

सदानंदांनी मान वळवली, पण ती धाप त्यांच्या कानांत घुसलीच. त्यांना एकदम भडभडून आलं. राग कुठं गेला नव्हता, पण आता त्याची लाज वाटत होती.

“बाबा, कुदळ द्या,” ते म्हणाले.

बाबांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

सदानंदांनी बाह्या सरसावल्या. अंगणातली माती कडक होती. त्यांच्या तळहाताला फोड आले, चष्मा घामानं धुरकटला, तरी ते खणत राहिले. मग त्यांनी मठाची कुऱ्हाड दोन्ही हातांनी उचलून खड्ड्यात ठेवली, वर माती लोटली आणि पायानं दाबून घट्ट केली. दांड्याचं टोकसुद्धा दिसेनासं झालं.

बाळू डोळे विस्फारून बघत होता.

सदानंद बाबांसमोर आले. त्यांचे डोळे भरले होते आणि मान ताठ होती.

“पुरली, बाबा. बाळूबरोबरचं भांडण माझ्यापुरतं संपलं. आता तरी अनुग्रह द्या.”



खाली घाटात एसटीचा हॉर्न वाजला. बाळूनं पिशवी जवळ ओढली.

बाबा सावकाश उठले. अंगणात जाऊन त्यांनी तो न फोडलेला ओंडका उचलला आणि सदानंदांच्या पायांशी आणून ठेवला.

“आता हे कशानं फोडशील?”