गाणारा कदंब

एकदा एका वृद्ध काष्ठशिल्पीच्या शिष्येने झाडाला गाते केले. एका व्यापाऱ्याच्या अंगणात कदंब होता. त्याच्या खोडात तिने बारीक सुया रोवल्या, त्यांना यंत्र जोडले आणि खोडाच्या आत होणारे सूक्ष्म आवाज माणसाला ऐकू येतील असे केले. टक्... टक्-टक्... पखवाजावर कुणी बोट टेकवावे तसे.

एक गोष्ट तिच्या लक्षात आली. पाणी घातले की झाड दोन दिवस मुके होई. म्हणून या गाण्याचे अंगणातले प्रदर्शन जवळ येताच तिने माळ्याला बजावले, "मामा, आता पाणी नको. त्याचा रियाज बिघडतो." माळी बिचारा काय बोलणार! भर वैशाखात महिनाभर कदंब तहानला, आणि असा काही गाऊ लागला की व्यापारी हरखून गेला. कलेची धुंदी चढली की शहाण्याचीही मती गुंग होते.

उद्घाटनाला गाव लोटले. दीपप्रज्वलनाचा मान गुरुजींचा होता. ते आधी झाडापाशी गेले. भेगाळलेल्या आळ्यात त्यांनी बोटे घातली, नखाने साल खरवडली, आणि दिवा न लावताच जमिनीवर बसून राहिले. लोक टाळ्या वाजवत होते. थोड्या वेळाने ते उठले आणि कुणालाही 'येतो' न म्हणता चालू लागले.

शिष्या रडवेली होऊन मागे धावली. "गुरुजी, माझं काय चुकलं? निदान 'येतो' तरी म्हणायचं!"

"मयताच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, बाळ."

"पण ते जिवंत आहे! ऐका ना, किती गातंय!"

"जन्मभर लाकडाशी राहिलोय मी. आतली पाण्याची धार तुटते ना, तिचा आवाज आहे हा. यंत्र तू उत्तम केलंस. झाडाचं बोलणं माणसाच्या कानापर्यंत आणलंस. ते महिनाभर पाणी मागत होतं, आणि तू ताल मोजत बसलीस."

ती धावत परतली. सर्वांदेखत बादल्यांमागून बादल्या ओतल्या. संध्याकाळपर्यंत आवाज विरळ होत गेला आणि थांबला.

"पाणी प्यायलं बघा, शांत झालं," व्यापारी समाधानाने म्हणाला.

तिने साल खरवडून पाहिली. वर, खाली, जिथे नख लावावे तिथे आत जिवंत झाडाचा हिरवा ओलावा नव्हता; सगळे कोरडे, तपकिरी. ती एकेक सुई काढत राहिली.

ज्याच्याकडून आपल्याला गाणेच हवे असते, त्याचा आक्रोशही आपल्याला गाणेच वाटतो.