केरूसाठी सपाट जागा

एक डोंगर होता, आणि सपाट असणं म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याच्या अंगावरून पाणी घसरे, दगड घसरत, पिकलेली करवंदं घरंगळत थेट नदीपर्यंत जात. अशा त्या डोंगराच्या कडेला एक पिटुकली झोपडी होती. तिच्यात मंजुळी, तिची आई आणि धाकटा भाऊ केरू अशी तिघं राहत.

घरात गरिबी होती. आई पहाटे मोळी डोक्यावर घेऊन बाजाराच्या गावी जाई, ती दिवेलागणीलाच परते. तिच्यामागे चूल, पाणी आणि केरू मंजुळीकडे असत. मंजुळी तरी कुठे मोठी होती? भरली घागर कमरेवर घेतली, की ती अख्खी घागरीच्या बाजूला कलायची.

केरूला मागच्या वर्षी मोठा ताप आला होता. ताप गेला, पण जाताना त्याच्या पायांतलं बळ घेऊन गेला. वैद्यबाबांनी पाय चेपून पाहिले आणि ते म्हणाले, "पाय गेलेले नाहीत, झोपलेत. सपाट जमिनीवर, काहीतरी धरून रोज चालवा पोराला. पण फार दिवस घालवू नका. पाय एकदा चालणं विसरले, की मग कुणाच्या हातात काही नाही." एवढं सांगून वैद्यबाबा डोंगर उतरून गेले. सपाट जमीन आणायची कुठून, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

घरात जागा इतकी, की केरूने पाय पसरले तर चुलीला लागत. दाराबाहेर पाऊल टाकलं की उतार. एकदा तो हट्टाने बाहेर आला आणि घरंगळत खालच्या कारवीत जाऊन अडकला. कपाळाला खोक पडली. तेव्हापासून तो उंबऱ्यावर बसून राही आणि समोरची निळी-पिवळी फुलपाखरं बघत बसे. त्याचे पाय दिवसेंदिवस बारीक होत चालले होते.

दारापुढे एक अंगण करायचं, असं तिने मनाशी घेतलं. ती दगड आणून रचायची, त्यांच्यामागे पाटी पाटी माती भरायची, वर हात फिरवून सारखी करायची. सकाळी उठून पाहावं, तर दगड एकीकडे आणि माती दुसरीकडे. डोंगर आपला होता तसाच तिरका.

एके दिवशी ती दगड शोधत रानात शिरली. तिथे कुसरीच्या वेलीखाली तिला एक छानसा चपटा दगड दिसला. अगदी हवा तसा. तिने तो उचलला मात्र, खाली मुंग्यांची धावपळ उडाली. इवलीइवली पांढरी अंडी तोंडात धरून त्या सैरावैरा पळू लागल्या. मंजुळीने क्षणभर दगडाकडे पाहिलं, मग तो हळूच होता तिथे, होता तसा ठेवून दिला.

"एवढा चांगला दगड परत का ठेवलास गं?" वेलीतून बारीक आवाज आला.

"खाली घर आहे त्यांचं," मंजुळी म्हणाली, आणि कोण बोललं ते बघायला तिने मान वर केली.

पानावर अंगठ्याएवढी परी बसली होती. अंगात शेवाळाच्या रंगाचं परकर-पोलकं, केसांत कुसरीची शुभ्र कळी, आणि पंखांवर निळे, जांभळे, सोनेरी कण लुकलुकत होते. तिच्या भोवतालची हवासुद्धा चमकत होती.

"तीन गोष्टी माग माझ्याकडे," परी म्हणाली. "देईन मी."

मंजुळीला विचार करावा लागला नाही. "परीताई, माझ्या केरूचे पाय बरे कर."

परीचे पंख हळूच मिटले. "ते माझ्या हातात असतं तर तू मागायच्या आधीच केलं असतं, बाळ. पण माझ्या देण्याला दोन अटी आहेत. फूल, पान, रंग, उजेड, वारा, पाऊस, असं जे मातीच्या वर आहे तेवढंच माझं. मातीच्या आत आणि माणसाच्या आत माझं काही चालत नाही. आणि दुसरं म्हणजे, एकदा मागितलेलं पुन्हा मागता येत नाही."

मंजुळीने हाताची माती झटकली. मग म्हणाली, "तर मग आमच्या दारापुढे एक सपाट बाग दे. केरूला चालण्यापुरती."

ती धावत घरी आली, तर दारापुढे बाग होती. हिरवीगार, मऊ, अंथरलेल्या चटईसारखी सपाट. कडेने केशरी झेंडू, लाल जास्वंदी, पांढरा मोगरा, आणि पानापानावर दवाचा एकेक चिमुकला मणी. केरू उंबऱ्यावर दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होता. मंजुळी त्याला उचलायला वाकली, आणि तेवढ्यात पायाखालून घरघर असा आवाज आला. बाग जागची हलली. झेंडू, जास्वंद, माती, सगळं एकमेकांना ओढत उतारावरून खाली गेलं.

खाली धुरपदामावशी राहत होती. एकटी बाई, अळू आणि भेंडी विकून पोट भरायची. तिचा सगळा मळा त्या मातीखाली गेला. मंजुळी धावत खाली गेली. मातीतून वर आलेलं अळूचं एक पान मावशी बोटांनी पुसत बसली होती.

परी मळ्याच्या कुंपणावर येऊन बसली होती. तिचा चेहरा उतरला होता. "मी वरचं दिलं, मंजुळी. खाली त्याला धरायला काहीच नव्हतं."

मंजुळीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. अजून दोन मागण्या हातात होत्या, आणि केरू वरून तिच्याकडे बघत होता. पण मावशीच्या मळ्याकडे पाहिल्यावर तिच्याच्याने दुसरं काही मागवेना. "मावशीचं होतं तसं कर, परीताई," ती म्हणाली. परीने पंख झटकले, सोनेरी धूळ उडाली, आणि अळूची पानं पुन्हा टवटवीत उभी राहिली.

धुरपदामावशी उठली, घरात गेली आणि कुदळ घेऊन बाहेर आली. "ही घे," ती मंजुळीला म्हणाली. "आणि आता वरवर रचू नको. आधी खणत खाली जा."

मंजुळी खणत खाली गेली. आपल्या दारापासून थोड्या अंतरावर तिने लांब चर खणायला घेतला. वरची काळी माती निघाली, मग तांबडी, मग मुरूम. हाताला फोड आले, फुटले, तिथे घट्टे पडले. आणि मग एका दुपारी कुदळ खणकन वाजली. खाली काळाभोर कातळ लागला होता. डोंगरात न घसरणारी एक गोष्ट होती तर, आणि ती इतक्या खोल बसली होती.

त्या कातळावर तिने आणि मावशीने मोठे दगड बसवले, सगळे डोंगराकडे किंचित कललेले. दगड डुगडुगला की उंबऱ्यावरून केरू ओरडे, "ताई, तो हलला बघ." मग त्याच्याखाली दगडाची चीप ठोकायची. फटी मंजुळीने चिकणमातीने गच्च लिंपल्या. काम देखणं दिसत होतं. दोन थर झाले, तिसरा चढत आला. ढग डोंगरावर जमू लागले होते, पाऊस आता फार लांब नव्हता.

आणि एका सकाळी मंजुळीला दिसलं, की धुरपदामावशी घागर घेऊन नदीची वाट उतरते आहे. मावशीच्या दारात दगडी डोणी होती. डोंगरातून एक बारीकशी धार तिच्यात बारा महिने पडे. मंजुळी धावत खाली गेली. डोणी कोरडी होती, तळाला नुसतं शेवाळ उरलं होतं.

तिच्या लक्षात आलं. कातळावरून झिरपणारी ती धार तिच्याच चराच्या तळातून जात होती, आणि तिनेच ती गच्च लिंपून बंद केली होती.

"मावशी, तू बोलली का नाहीस?"

"केरूसाठी चाललंय ना ते? चालू दे," मावशी घागर सावरत म्हणाली. "नदी काय पळून जात नाही."

मंजुळी परत वर आली आणि चराच्या काठावर बसली. तीन थर काढायचे, धारेला वाट करून द्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून रचायचं. तोवर पाऊस आला तर उघडा चर वाहून जाईल, आणि केरूचे पाय पुढच्या उन्हाळ्याची वाट बघत थांबतील का, ते कुणी सांगावं?

परी शेजारी येऊन बसली. "पाऊस मातीच्या वरचा आहे," ती हळूच म्हणाली. "तू म्हणालीस तर लांबवीन. पण साऱ्या डोंगराचं भात त्याच्यावर आहे, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही."

मंजुळीने वर ढगांकडे पाहिलं, मग केरूकडे. तिला रडू आलं आणि ती रडली. मग नाक पुसून तिने वरचा पहिला दगड काढला.

केरू उंबऱ्यावरून सगळं बघत होता. "ताई, माझं अंगण मोडतेस?"

"मावशीचं पाणी अडलंय, केरू."

केरूने विचार केला. "मग मोड," तो म्हणाला.

संध्याकाळी आई आली आणि तिनेही मोळीची दोरी बाजूला ठेवून दगडाला हात घातला. मावशी आलीच होती. या खेपेला दगडांच्या मध्ये चिकणमाती नव्हती. तळाशी धारेसाठी एक छोटी मोरी ठेवली, भिंतीमागे हातभर जाडीचे बारीक दगड भरले, आणि मग माती. दिवसामागून दिवस मातीचा एकेक थर घालायचा आणि धुमसाच्या जड ठोकळ्याने चोपायचा. सगळ्यात वर केरूला धरता येईल असा बुटका कठडा घातला. खाली डोणीत पुन्हा धार पडू लागली, आणि शेवटची पाटी ओतून होते न होते तोच पाऊस आला.

तो साधासुधा पाऊस नव्हता. समोरचा डोंगर दिसेनासा झाला. वरून लाल पाणी लोटू लागलं, शेजारच्या उतारावरचं एक अख्खं झाड मुळांसकट खाली गेलं. मंजुळी दारात उभी राहून भिंतीकडे बघत होती. मातीत मुरलेलं सगळं पाणी बारीक दगडांतून खाली उतरलं आणि मावशीच्या धारेसाठी ठेवलेल्या मोरीतून भसाभस बाहेर पडलं. भिंतीचा एक दगड हलला नाही.

"ती वाट तू मावशीसाठी ठेवलीस," परी तिच्या कानाशी म्हणाली. तिचे पंख भिजून चमकत होते. "ती नसती, तर आज हेच पाणी भिंतीमागे तुंबलं असतं आणि भिंत घेऊन गेलं असतं. आता तुझी शेवटची मागणी सांग."

पाऊस उघडला तेव्हा दारापुढे ओली, काळी, सपाट जागा होती. तिच्यावर गवताची काडीसुद्धा नव्हती. मंजुळीने केरूला आणून कठड्यापाशी उभं केलं. त्याने दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला. पाय थरथरत होते.

"परीताई," मंजुळी म्हणाली, "या कठड्यावर रोज एक फूल उमलू दे. आणि रोजचं फूल कालच्यापेक्षा हातभर पुढे असू दे."

परी तिच्याकडे बघत राहिली. "एवढंच?"

"एवढंच. त्याला पुढे जायला काहीतरी हवं ना."

दुसऱ्या सकाळी कठड्यावर, केरूच्या हातापासून जेमतेम एका पावलावर, एक इवलंसं गुलाबी फूल होतं. केरू बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग दात-ओठ खाऊन त्याने एक पाय ओढला. फूल त्याच्या हातात आलं तेव्हा त्याला घाम फुटला होता. त्याच्या पुढल्या दिवशी निळं फूल उमललं, मग पिवळं, मग जांभळं. कधी तो पडे, गुडघा फुटे, रडून घेई. मंजुळी त्याला उचलत नसे. ती नुसती शेजारी बसून राही, आणि तेच तिला सगळ्यात जड जाई. श्रावण गेला, भादवा गेला. कठड्याखालच्या मातीत गवत आलं, गवतात चिमुकल्या तेरड्याची रांग उभी राहिली, आणि केरू कठडा धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ लागला.

मग एका सकाळी कठड्यावर फूल नव्हतं. केरूने इकडेतिकडे पाहिलं. अंगणाच्या मधोमध, जिथे धरायला काहीच नव्हतं, तिथे गवताच्या पात्यावर परी बसली होती. तिच्या हातात एक पांढरं फूल होतं.

"ताई," केरू घाबरून म्हणाला, "ते लांब आहे."

मंजुळी जागची उठली नाही. "खालची जमीन पक्की आहे, केरू," ती म्हणाली. "मी बघितलीय."

केरूने कठड्यावरचा एक हात सोडला. मग दुसरा सोडला. डुगडुगत, थांबत, हात पसरून तो निघाला. धुरपदामावशी खालच्या वाटेवर भाजीची पाटी घेऊन थबकली. आई मोळी बांधता बांधता दोरी हातात धरून तशीच उभी राहिली. केरूने शेवटचं पाऊल टाकलं आणि फुलाला हात लावला.

त्याबरोबर लख्ख उजेड झाला. निळा, जांभळा, सोनेरी उजेड गवतावरून, कठड्यावरून, मोरीतून पडणाऱ्या धारेवरून चमचमत गेला आणि हळूहळू सकाळच्या उन्हात विरला. परी नव्हती. फूलही नव्हतं. केरूचे दोन्ही हात रिकामे होते, जवळ धरायला काही नव्हतं, आणि केरू आपल्या पायांवर उभा होता.