कोंबड्यांना ऊन दाखवणारा आचारी

पूर्वी कदंबनगरात पद्मकेतु नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व त्याच्या पाकशाळेत मुख्य आचारी होता. शालिक हे त्याचे नाव. राजाला मांडीवर घेऊन पहिला घास त्यानेच भरवला होता. त्याच्या हाताला चव होती, पण स्वभाव मुलखाचा शंकेखोर. पदार्थ कितीही साधला तरी पान वाढल्यावर तो दाराआडून राजाच्या तोंडाकडे बघत उभा राही.

त्याच्या घराण्यातल्या आचाऱ्यांची एक जुनी चाल होती. जी कोंबडी कापायची, तिला आचाऱ्याने आधी स्वतःच्या ओंजळीतून दाणे खाऊ घालायचे. दाणे संपेपर्यंत तिच्यापाशी उकिडवे बसायचे आणि मगच सुरीला हात लावायचा. महिन्याकाठी चार-पाच कोंबड्या पाकशाळेत येत, त्यामुळे ही चाल कोणाला कधी जड गेली नाही.

पुढे राजाला मांसाची गोडी लागली. सकाळच्या पेजेबरोबर मांस, दुपारी मांस, संध्याकाळी पाहुण्यांसोबत पुन्हा मांस. राजाचे बघून नगरातल्या लोकांनीही तेच धरले. कोंबड्या पुरेनात. तेव्हा अनुरथ नावाचा एक हुशार पक्षिपाल पुढे आला. त्याने नगराबाहेर बिनखिडक्यांच्या लांबच लांब पडव्या बांधल्या आणि आत वेताच्या पिंजऱ्यांवर पिंजरे रचले. पिंजरा असा, की आतल्या पाखराला पंख पसरता येऊ नयेत. हिंडले की अंगावरचे मांस झडते, असे त्याचे म्हणणे. आत अष्टौप्रहर दिवे तेवत, म्हणजे सूर्य मावळल्याचे पाखरांना कळू नये आणि त्यांनी खातच राहावे. दीड-दोन महिन्यांत कोंबडी इतकी जड होई की तिचे पाय तिला पेलत नसत. मांस घरोघरी शिजू लागले, आणि ते येते कुठून हे विचारायचे कोणाला सुचेनासे झाले.

वसंतोत्सवाच्या दिवशी पाकशाळेच्या अंगणात तीनशे कोंबड्यांच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या. दुपारची दुंदुभी वाजायच्या आत उत्सवाचे पान वाढले गेले नाही, तर आचाऱ्याने पळी खाली ठेवून नगर सोडायचे, असा त्या राज्याचा दंडक होता.

अनुरथ गाडीवरून उतरत म्हणाला, "काका, तीनशेंपुढे ओंजळ धरत बसाल तर पुढचा वसंत येईल. एक मूठ गाडीवर उधळा, चाल पाळल्यासारखी होते."

गेले वर्षभर शालिक तेच करीत आला होता. त्याने मूठ भरली, पण तेवढ्यात वरच्या पिंजऱ्याचे दार निसटले आणि एक कोंबडी धप्पकन त्याच्या पायाशी पडली. त्याने तिच्यापुढे ओंजळ धरली. तिला ती कळली नाही. उन्हाने तिचे डोळे मिटत होते, उभेही राहवत नव्हते. शालिकाने तिला उचलून कडुनिंबाजवळच्या मोकळ्या मातीवर ठेवले आणि तो शेजारी बसला. बराच वेळ ती तशीच पडून राहिली. मग तिने एक पाय मातीत ओढून पाहिला. पुन्हा ओढला. आणि एकदम, कोणी शिकवले नसताना, ती कुशीवर लोळून अंगावर माती उडवू लागली.

म्हातारा बघतच राहिला. हसू आवरेना आणि डोळे पुसायलाही सवड होईना. त्याने दुसरी कोंबडी आणली, मग तिसरी. अनुरथ डोक्याला हात लावून गाडीच्या दांडीवर बसला. पाकशाळेतल्या बायका भात, वालाची उसळ आणि फणसाची भाजी उतरवून वाट बघत होत्या, पण चुलीवरचे मोठे हंडे रिकामेच होते.

दुंदुभीची वेळ जवळ आली, तसा भुकेलेला राजा पाहुण्यांसह स्वतःच अंगणात आला.

"शालिकबाबा, पान कुठे आहे?"

"महाराज, एकोणिसाव्या कोंबडीपर्यंत पोचलो आहे."

राजाने दंडकाची आठवण करून दिली. शालिकाने पळी त्याच्या पायाशी ठेवली. तो म्हणाला, "मी चुकत असेन, महाराज. मला तर माझं नेहमीच चुकतंय असं वाटतं. पण वर्षभर मी गाडीवर मूठ उधळली, ते मात्र नक्की चुकलं. ज्यांच्याजवळ बसायला मला वेळ नाही, त्यांना कापायला तरी वेळ कुठून आणू?"

ओंजळ धरायला असा कितीसा वेळ लागतो, असे म्हणत राजा रागारागाने खाली बसला आणि त्याने मूठभर दाणे घेतले. समोरच्या तांबड्या कोंबडीने त्याच्याकडे पाठ फिरवली, मातीत अंग घुसळले आणि सगळी धूळ राजाच्या तोंडावर उडवली. पाहुण्यांनी श्वास रोखले. राजा शिंकला. दुसऱ्यांदा शिंकला आणि त्याचा मुकुट मातीत पडला. मग तो असा हसत सुटला की पाहुणेही हसू लागले. एवढ्यात कोंबडी वळली आणि त्याच्या तळहातावरचे दाणे टिपू लागली. राजाचे हसू हळूहळू थांबले. हजारो कोंबड्या त्याने खाल्ल्या होत्या, पण चोचीचा तो मऊ ठोका त्याच्या हाताला आजवर ठाऊक नव्हता.

तो म्हणाला, "हिला कापू नका. आजपासून सकाळभरात तुम्ही जितक्यांजवळ बसाल, तितक्याच शिजू द्या. एकोणीस."

"एकोणीस म्हणजे काही थोड्या नाहीत, महाराज."

"बरं, बारा."

शालिकाने पळी उचलली नाही; तो राजाच्या तोंडाकडे बघत राहिला.

"तुमचं हे तोंड मी पाळण्यात असल्यापासून बघतोय. पाच. त्याही सणालाच, आणि उन्हात वाढलेल्या. आता ती पळी उचला, मला भूक लागली आहे."

भीतीने अनुरथाचा चेहरा उतरला होता. शालिकाने त्याची बाजू घेतली. आमच्या ताटांनी मागितले तेच या पोराने केले, असे तो म्हणाला. अनुरथाने हळूच विचारले, "काका, पडव्या पाडू का?" शालिक म्हणाला, "छप्पर राहू दे, पावसाला लागेल. भिंती तेवढ्या पाड."

दुंदुभी वाजली तेव्हा राजा तसाच धुळीने माखलेला, अंगणातच मांडी घालून फणसाची भाजी तिसऱ्यांदा मागत होता. जेवण होताच पाहुणे आणि नगरजन कुदळी घेऊन पडव्यांकडे धावले. भिंती पडल्या, ऊन आत शिरले, आणि हजारो कोंबड्यांनी एवढी धूळ उडवली की लोक खोकत खोकत नाचले. पुढे अनुरथ थोड्याच कोंबड्या पाळू लागला. त्यांच्या खतावर त्याने घेवड्याचे वेल चढवले. तसा घेवडा कदंबनगराने पूर्वी कधी खाल्ला नव्हता.

यानंतर अनेक जन्मांनी, मांस एकदम सुटत नाही, मग नुसते कमी करून काय साधणार, असे म्हणून धम्मिक नावाचा एक गृहस्थ विहारात मान खाली घालून बसला होता. त्याला ही कथा सांगून शास्ते, म्हणजेच भगवान बुद्ध, म्हणाले, "गृहस्था, तेव्हाचा पद्मकेतु राजा तूच. तेव्हाचा अनुरथ म्हणजे आज या विहाराच्या बागेत खपणारा भिक्खू सुयाम. राजाच्या तोंडावर धूळ उडवणारी ती तांबडी कोंबडी म्हणजे तुझ्याशेजारी बसलेली तुझी पत्नी खेमिका."

खेमिका पदर तोंडाला लावून हसू लागली. धम्मिकाने मान वर केली आणि तोही हसला.

"आणि तो आचारी मी होतो," शास्ते म्हणाले. "त्या जन्मी मी प्राणिमात्रांवरच्या प्रेमाची मैत्री-पारमिता आचरली, आणि तीही अडखळत."